सातवं प्रकरण सुटलं! (पानशेत कादंबरी, अपडेट 11)

सुटलं एकदाचं! काल रात्री पावणेबाराला आमच्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर हजेरी टाकली, "आज 1,140 शब्द", आणि टाकताना हात थरथरत होते, कारण त्याआधी सलग 23 दिवस माझ्या नावापुढे शून्य होतं.

मागचे अपडेट वाचलेल्यांना माहितीये, पहिली सहा प्रकरणं झरझर झाली, 38 हजार शब्द, आणि मग गाडी जी रुतली ती थेट 12 जुलै 1961 च्या सकाळी, पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला त्या दिवशी. म्हणजे ज्या दिवसासाठी अख्खी कादंबरी लिहायला घेतली त्याच दिवशी. तीनदा लिहिलं, तीनदा काढलं. पहिल्या खर्ड्यात सुरुवात धरणापासून, मातीचं धरण, वाळूची पोती रचणारे जवान, पानशेत फुटलं, मग त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला, मग पाणी पुण्यात. सगळं बरोबर होतं पण वाचायला बातमी वाटत होती. माझी निवेदक नऊ वर्षांची, नारायण पेठेतल्या वाड्यात राहणारी, तिला बुधवारी सकाळी यातलं काय माहीत असणार? दुसऱ्या खर्ड्यात ते सगळं आजोबांच्या तोंडी घातलं तर आजोबा भाषण द्यायला लागले. तिसऱ्यात फक्त पोरगी आणि पाणी, पाणी अंगणात, पाणी जिन्यावर, पाणी गच्चीच्या खाली, आणि आजवर पुराची जी काही वर्णनं वाचलीत त्यातलीच वाक्यं माझ्या हातून उतरायला लागली. 6,400 शब्द गेले. डिलीट नाही केले, "काढलेलं" नावाची वेगळी फाइल आहे त्यात टाकले. ही सवय लावून घ्या खरंच, पुढे लिहिते का ते.

नवीन आलेल्यांसाठी आमची पद्धत थोडक्यात. आम्ही चौघं, मी पुण्यात, एक ताई सांगलीच्या, एक काका नागपूरचे आणि एक डोंबिवलीकर. रोज रात्री झोपायच्या आत शब्दांचा आकडा टाकायचा, शून्य असलं तरी शून्य टाकायचं, आणि शून्याला कुणी सल्ला द्यायचा नाही, फक्त "दिसलं" लिहायचं. मला हा नियम सगळ्यात मोलाचा वाटतो. आधीच्या एका ग्रुपमधे मी शून्य सांगायची लाज वाटून दोन दिवस गप्प बसले आणि मग दोन वर्षं काही लिहिलंच नाही. इथं 23 रात्री तिघांचं "दिसलं" यायचं, काका तर ट्रेनमधून, रेंज नसताना, पहाटे कधीतरी पाठवायचे. आणि शनिवारी सकाळी 6 ला गूगल मीट, 45 मिनिटं माइक बंद, जो तो आपलं लिहितो, मग एकानं दहा मिनिटं मोठ्यानं वाचायचं. ऐकणाऱ्यांनी प्रश्नच विचारायचे, "असं कर" म्हणायला बंदी.

सोळाव्या शून्याला डोंबिवलीकराचा फोन आला, म्हणाला नवीन काही लिहू नकोस, शनिवारी ते काढलेलंच वाच. मी नाही नाही म्हणत तिसरा खर्डा वाचला (म्हणून म्हटलं, डिलीट करू नका). वाचून झाल्यावर कुणीच बोलेना. मग ताईंनी विचारलं, "पाणी चढताना ही पोरगी बघत कुठं होती?" मला उत्तर देता येईना. ताईंच्या घरात 2019 च्या पुराचं पाणी होतं. त्या म्हणाल्या, "मला पाणी आठवतच नाही गं फारसं. आम्ही आदल्या रात्रीच सामान माळ्यावर टाकून बहिणीकडं गेलेलो. आठवतंय ते परत आल्यावरचं. दार उघडेना, आतून गाळ. आणि वास. पिठाच्या डब्यात चिखल, आणि झाकण घट्ट लावलेलं होतं बघ. आत गेला कसा, अजून कळलेलं नाही मला."

मीट बंद झाल्यावर मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. पूर लिहायचाच नाहीये मला! पूर ओसरल्यावर वाड्यात परत येणं लिहायचंय. पोरगी घाटावरच्या आत्याकडून वगैरे परत येत नाही, ती तिथंच जवळ उंचावर कुठंतरी होती, पण तिच्या डोळ्यांसमोर फक्त आईच्या पदराचं टोक होतं. पुढचा आठवडाही शून्यच गेला पण ते शून्य वेगळं होतं, डोक्यात गाळ उपसणं चालू होतं. आणि काल पहिलं वाक्य आलं: "आमच्या देवघराच्या वर एक रेघ होती, आणि ती कुणीच ओढलेली नव्हती." त्यानंतर थांबलेच नाही. पिठाचा डबा घेऊ का म्हणून ताईंना विचारलं तर उत्तर आलं, "घे की. झाकण घट्ट होतं ते मात्र विसरू नको."

काकांचीही एक गोष्ट सांगायलाच हवी. दुसऱ्या खर्ड्यात मी रात्रीच्या गाळावर चांदणं टाकलं होतं. काका म्हणाले, "पंचांग पाह्यलं काय तू?" 12 जुलैला अमावस्या होती! दिवे गेलेले, वर चंद्र नाही, पेठांमधे नुसता अंधार आणि त्या अंधारात लोक एकमेकांना हाका मारतायत. हा प्रसंग मला सुचलाच नसता, तो काकांचाच आहे.

साधनांचं पटकन. पहिला खर्डा फुलस्केप वहीत शाईपेनानंच, यावर मी ठाम आहे. संवाद मात्र फोनवर बोलून टाइप करते, बोलताना वाक्यं आपोआप आखूड होतात, विरामचिन्हं नंतर घालावी लागतात तेवढंच. जुन्या फॉन्टमधली आधीची प्रकरणं युनिकोडमधे आणली तेव्हा सगळीकडे "दुस-या" "तिस-या" झालं होतं, एक अख्खी संध्याकाळ ते शोधून बदलण्यात गेली. आता टाइप करायचं ते युनिकोडमधेच.

पुढचा प्लॅन, आठवं प्रकरण थेट गोखलेनगरच्या निसेन हटमधे, पूरग्रस्तांना दिलेल्या अर्धगोल पत्र्याच्या घरात.

थांबा, हे टाइप करतानाच डोक्यात आलं. मधे एक प्रकरण लागणार. खडकवासला गेलं म्हणजे शहराचं पाणीच गेलं, महापुरानंतर नळ कोरडे! पोरगी हंडा घेऊन विहिरीच्या रांगेत उभी, आणि रांगेत मोठी माणसं धरणावरून भांडतायत, कुणी जवानांचं सांगतंय, कुणी पोत्यांचं, कुणी म्हणतंय आधीच कळवायला हवं होतं. पहिल्या खर्ड्यात जी माहिती बसत नव्हती ती तुकड्यातुकड्यानं इथं येईल, आणि आजोबांना भाषण द्यावं लागणार नाही, ते रांगेत गप्प उभे राहतील. म्हणजे निसेन हट नववं. आत्ता लगेच "काढलेलं" उघडून जवानांचा परिच्छेद बाहेर काढते.

या शनिवारी वाचनाची पाळी डोंबिवलीकराची आहे. त्याची दहा मिनिटं तो मला द्यायला निघाला होता, मी नाही म्हटलं. त्याची कथा 31 तारखेपर्यंत दिवाळी अंकाला जायचीये आणि शेवट अजून हलतोय. त्याचं आधी ऐकू, विहिरीची रांग त्याच्या पुढच्या शनिवारी.