बाबांचा लिपिड प्रोफाइल
आज बाबांचा कोलेस्टेरॉलच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो, एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, १६२ आलंय, आई रिक्षातच म्हणाली आता घरात तूप पूर्ण बंद. डॉक्टरांनी मात्र इतकं शांतपणे समजावलं ना, खूप बरं वाटलं. कोलेस्टेरॉल शरीराला लागतंच, पेशींना, हार्मोन्सना, आणि बरंचसं तर आपलं लिव्हरच बनवतं. पण एलडीएल जास्त झालं की ते रक्तवाहिन्यांच्या आत वर्षानुवर्षं साचत राहतं आणि काहीच दुखत नाही, त्यामुळे टेस्ट केल्याशिवाय कळत नाही. बारीक माणसांनाही होतं हे, बाबा तर काटकुळेच आहेत!

तूप चमचाभर चालेल म्हणाले, पण वनस्पती तुपातली खारी, परत परत तापवलेल्या तेलातले वडे, हे थांबवा. आणि ओट्सच पाहिजेत असं काही नाही, आपली चवळी, राजमा, भेंडी, पेरू, जवसाची चटणी, यातल्या फायबरने एलडीएल कमी व्हायला मदत होते. आठवड्याला निदान १५० मिनिटं भरभर चालणं. कोलेस्टेरॉलची गोळीही दिलीय कारण बाबांना शुगर आहे, आणि ती आपल्या मनाने बंद करायची नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, कारण रिपोर्ट नॉर्मल आला की लोक गोळी सोडतात आणि आकडा परत वर जातो.

ठाण्यात तलावपाळीला संध्याकाळी फार गर्दी असते म्हणून सकाळी उपवनला जायचं ठरलंय, तिकडे कोणाचे आईबाबा चालायला येत असतील तर सांगा प्लीज, बाबांना सोबत होईल.