जॉइंट होल्डर आणि नॉमिनी एकच नाही – बाबांच्या शेअर्सचा माझा अनुभव

ज्यांच्या घरी आईवडिलांच्या नावावर शेअर्स आहेत त्यांनी हे नक्की वाचा, आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो आणि नुकतंच हे सगळं मार्गी लावलंय. बाबा गेले तेव्हा त्यांची दोन डीमॅट (शेअर्स इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवायची खाती) होती, एक आई-बाबांचं जॉइंट, म्हणजे दोघांच्या नावावर, आणि दुसरं एकट्या बाबांच्या नावावर, त्यात दादा नॉमिनी, म्हणजे खातेदार गेल्यावर शेअर्स ज्याच्याकडे सोपवायचे म्हणून नाव दिलेला माणूस. घरातले सगळे धरून चाललेले की दोन्हीकडे सारखंच असणार. तसं नसतं.

जॉइंटमध्ये जास्तीत जास्त तीन होल्डर असतात, एक गेला की डिपॉझिटरी (शेअर्सची इलेक्ट्रॉनिक नोंद ठेवणारी संस्था) शेअर्स हयात होल्डरला देते, नॉमिनी असला तरी त्याचा नंबर सगळे होल्डर गेल्यावरच. आम्ही आईचं एकटीचं नवीन डीमॅट उघडलं, मग ट्रान्समिशनचा (गेलेल्या माणसाचे शेअर्स दुसऱ्याच्या नावावर करायचा) फॉर्म आणि मृत्यूच्या दाखल्याची नोटरी केलेली कॉपी, ती कोर्टनाक्याला झाली. अडलं ते सहीवर. आईची जुनी सही मराठीत पूर्ण नावाची, आता हात थरथरतो, आडनावापर्यंत येईतो अक्षरं चौकटीच्या बाहेर जातात. डीपीकडचा (जिथे डीमॅट उघडतात त्या बँक किंवा ब्रोकरकडचा) मुलगा खरंच चांगला होता, म्हणाला काकू टेन्शन घेऊ नका, बँकेतून सही अटेस्ट करून आणा. तसं केलं आणि काम झालं.

दुसऱ्या खात्याचे शेअर्स दादाच्या डीमॅटला आले, तेही फॉर्म आणि दाखल्यावरच. मात्र ते आले म्हणून दादाचे झाले असं नाही. डिसेंबर 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने शक्ती येझदानी केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने सांभाळतो, मालकी मृत्युपत्राने नाहीतर वारसा कायद्याने ठरते. बाबांचं मृत्युपत्र नव्हतं, आजीही आता नाही, म्हणजे हिंदू वारसा कायद्याने आई, दादा, ताई आणि मी चौघांचा सारखा हिस्सा, ताईचं लग्न झालंय त्याने काही फरक पडत नाही. दादानेच हे सगळ्यांसमोर मांडलं याचं मला फार बरं वाटलं, कारण कितीतरी घरांत नेमकं इथेच बिनसतं. आम्ही आपसात लिहून घेतलं आणि सगळं आईला दिलं, दादाने ऑफ-मार्केट ट्रान्सफर केली, म्हणजे शेअर बाजारात न विकता थेट आईच्या खात्यात पाठवले.

नॉमिनीच नसता तर कागद वाढले असते, 15 लाखांपर्यंत शपथपत्र, इंडेम्निटी बाँड (पुढे वाद झाला तर भरपाईची लेखी हमी), बाकी वारसांची एनओसी, त्याच्या वर गेलं की सक्सेशन सर्टिफिकेट (कोर्टाचा वारस दाखला) वगैरे. आणि वडिलांच्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट्स (ब्रोकरने दिलेल्या खरेदी-विक्रीच्या पावत्या) फेकू नका, पुढे विकताना टॅक्ससाठी त्यांचीच खरेदी किंमत आणि तारीख धरतात.

आईच्या नवीन खात्यात मलाही जॉइंट घाल असं ती म्हणत होती, मी नाही म्हटलं. ट्रेडिंग अकाउंट (शेअर्स खरेदी-विक्रीचं खातं) तर जॉइंट नसतंच, डीमॅटमधून शेअर्स द्यायच्या स्लिपवर मात्र दोघांच्या सह्या लागू शकतात, आणि उद्या ताईला किंवा दादाला वाटायला नको की हा एकटाच आत शिरला. आता खातं आईचं एकटीचं, आम्ही तिघं समान टक्क्यांनी नॉमिनी, आणि मृत्युपत्रासाठी पुढच्या आठवड्यात वकिलांकडे जातोय.