एकतीस डिसेंबरची दुपार आणि सँड्सची पाटी

लास व्हेगासला चिकटून हेंडरसन नावाचं गाव आहे. तिथल्या एका वृद्धाश्रमात मी तेव्हा ॲक्टिव्हिटी असिस्टंट होते. पद ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात बिंगोचे आकडे पुकारायचे, आज्यांची नखं रंगवायची, चाकाच्या खुर्च्या ढकलायच्या आणि शनिवारी दुपारी सिनेमा लावायचा. 2016 चा एकतीस डिसेंबर शनिवारीच आला. आमच्याकडे रात्री बारापर्यंत जागणारं कोणी नव्हतं, म्हणून नवीन वर्ष दुपारी चारलाच आणायचं ठरलं. तोवर सिनेमा.

सिनेमा निवडला 'ओशन्स इलेव्हन'. क्लूनीचा 2001 चा नव्हे, 1960 चा जुना. फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनिअर, पीटर लॉफर्ड आणि जोई बिशप, सगळे एकत्र. महायुद्धात एकाच तुकडीत असलेले अकरा जण एकतीस डिसेंबरच्या रात्री व्हेगासचे पाच कॅसिनो एकाच वेळी लुटतात. तारीख जुळली, गाव जुळलं, मी खूश. शेवटपर्यंत पाहून मगच लावायचा असा नियम होता. मी अर्धाच पाहिला होता. शुक्रवारी रात्री घरी दोन तास सात मिनिटं कुठून काढणार?

आमची मंडळी साधे प्रेक्षक नव्हती. निम्म्यांची नोकरी त्या स्ट्रिपवरच, म्हणजे व्हेगासच्या कॅसिनोंच्या मोठ्या रस्त्यावरच झालेली. मी मनातल्या मनात त्यांना मराठी नावं ठेवली होती. डीलरआजोबांनी तीस वर्षं ब्लॅकजॅकचे पत्ते वाटले. पुडिंग संपलं की ते अजूनही हलकेच टाळी वाजवून दोन्ही तळवे वर छताकडे करून दाखवायचे. टेबल सोडताना हातात चिप लपवलेली नाही, हे वरच्या पहारेकऱ्याला दाखवायची सवय. वायरमनआजोबा एका हॉटेलच्या मेंटेनन्समधले. वेस्टसाइडच्या, म्हणजे व्हेगासमधल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतल्या आजी लुइझियानातल्या टलूलाहून आलेल्या, आयुष्यभर हॉटेलच्या खोल्यांतल्या चादरी बदललेल्या.

पहिला तास रटाळ, यावर एकमत झालं. दरोडा राहिला बाजूला, सगळे नुसते सोफ्यावर लोळून गप्पा मारतायत. "दिवसा शूटिंग आणि रात्री सँड्स हॉटेलच्या कोपा रूममध्ये शो. झोपायचे कधी? लोळतायत ते खरंच लोळतायत," डीलरआजोबा म्हणाले. मग हॉटेलं दिसायला लागली आणि हजेरी सुरू झाली. सँड्स? पाडलं, 1996 ला. त्या जागेवर आता व्हेनिशियन. डेझर्ट इन? पाडलं. रिव्हिएरा? त्याच उन्हाळ्यात सुरुंग लावून आडवं केलं होतं, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेलं. सहारा होतं, पण तेव्हा दुसऱ्याच नावाने. फ्लेमिंगोला तेवढी 'हजर' मिळाली.

विजेचा मनोरा उडवतात आणि सगळी स्ट्रिप काळोखी होते, तिथे वायरमनआजोबा खुर्चीत सरसावले. बॅकअप वीजपुरवठ्याच्या वायरी आधीच बदललेल्या, त्यामुळे तो चालू झाला की कॅशियरच्या पिंजऱ्याची दारं आपोआप उघडणार, अशी युक्ती. "पाच हॉटेलांत पाच वेगळी पॅनल! एकच माणूस, थोड्या दिवसांत, आणि कोणा मेंटेनन्सवाल्याला पत्ता नाही? आम्ही काय झोपा काढत होतो?" त्यांचा राग खरा होता. मी मिरजेची. भारनियमनात वाढलेल्या माणसाला दिवे जाण्यात काहीच थरार वाटत नाही, आमच्याकडे एवढ्यात कोणीतरी मेणबत्ती आणलीसुद्धा असती, असं मी म्हटलं. ते त्यांना फारसं आवडलं नाही.

वेस्टसाइडच्या आजी तोवर गप्प होत्या. लुटलेले पैसे हॉटेलांच्या कचऱ्याच्या डब्यांत टाकतात आणि टोळीतला एकटा कृष्णवर्णीय, सॅमी डेव्हिस, कचऱ्याची गाडी घेऊन ते गोळा करतो. "अकरा जणांत गाडी कोणाला दिली, बघितलंस ना?" त्या मला म्हणाल्या. शूटिंग झालं 1960 च्या सुरुवातीला. स्ट्रिपवरची वर्णबंदी उठवायचा करार झाला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. त्याआधी त्यांच्यासारख्यांना चादरी बदलायला प्रवेश होता, त्या चादरीवर झोपायला नव्हता. "डबे असतात मागच्या दाराला. मी पण तिथूनच आत जायचे." गोऱ्या साथीदारांनी तोंडाला काळं फासून विनोद केला, तेव्हा आजींनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तो सीन संपेपर्यंत घोट घोट पीत राहिल्या. सॅमी गायला लागला मात्र, तर बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरलेला.

आणि मग माझी चूक उघडी पडली. टोळीतला एक जण रस्त्यातच हृदय बंद पडून मरतो. पैसे गावाबाहेर काढायला हे त्याची शवपेटी वापरायचं ठरवतात. पडद्यावर पेटी आली आणि माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्या रांगेतल्या आजींचे यजमान नोव्हेंबरातच गेले होते. दहन केलं होतं. मी रिमोट शोधायला लागले. तो डीलरआजोबांच्या मांडीवर, शालीखाली. "आत्ता कुठे डाव रंगलाय, पोरी," म्हणत त्यांनी तो दाबून धरला.

चॅपलमध्ये सगळे ओळीने बसलेत. कुठूनतरी घरघर येते. कसला आवाज? दहन चाललंय. सगळ्या पैशांसकट! एकेकाचा चेहरा उतरत जातो आणि आमच्या हॉलमध्ये आधी शुकशुकाट, मग वायरमनआजोबा खो खो हसायला लागले, ठसका लागेपर्यंत. मी त्या आजींकडे बघायचंच टाळत होते.

"थांबव," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता."

मी रिमोट हिसकावलाच. पण त्या रडत नव्हत्या, पडद्याकडे बोट करत होत्या. हिरमुसलेली टोळी रस्त्याने चालली होती आणि मागे सँड्सची मोठी पाटी होती, तिच्यावर याच नटांची नावं. आजींचे यजमान पाट्यांवरची अक्षरं बदलायचं काम करायचे. शिडी, लांब काठी आणि वाळवंटातला वारा.

"या पाच नावांना 'ए' पुरायचे नाहीत म्हणायचा. आठ लागतात. दोन्ही बाजूंनी सोळा. मोजा."

डीलरआजोबा चष्मा पुसून पुढे झुकले. फ्रँकचा एक, सिनात्राचे दोन, डीनचा एक... बोटं खुर्चीच्या हातावर पत्ते टाकल्यासारखी चालत होती. माझी फिलिपिनो सहकारी औषधांची गाडी घेऊन दारात आली, तिला त्यांनी हातानेच थांबवलं.

"आठ," ते म्हणाले.

"जोईचा एकही नाही," आजी म्हणाल्या. "तो त्याला आवडायचा."

चार वाजून गेले होते. पाटी तशीच पडद्यावर ठेवून आम्ही सफरचंदाचा रस वाटला.