लाल रुमालातली खापरपणजी

बडोद्याच्या दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर पाडायचं ठरलं, तेव्हा आत्याने देवघराच्या फडताळातून लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. जुन्या दप्तरात याला रुमाल म्हणतात. आत चौसष्ट कागद होते, काही हातकागदावरची लांब पत्रं, काही पोस्टकार्डं. "माझ्या पणजीची आहेत. आईने सांगितलंय, टाकायची नाहीत," एवढंच आत्याला ठाऊक होतं. पन्नास वर्षं तिने दर दिवाळीला रुमाल उन्हात ठेवला, डांबराच्या गोळ्या बदलल्या, पण आतलं एक अक्षर तिला वाचता येत नव्हतं. सगळं मोडी लिपीत होतं.

सुरुवातीलाच मी दोन चुका केल्या. जीर्ण झालेली दोन पत्रं लॅमिनेट करून आणली. आता ती प्लास्टिकमधून कधीच निघायची नाहीत, आणि आतल्या आत पिवळी पडताहेत. दुसरी चूक याहून वाईट. एका कोपऱ्यावरची धूळ मी ओल्या कापसाने पुसली. जुनी शाई काजळी आणि डिंकाची असते, ती पाण्याला टिकत नाही. तीन शब्द माझ्या डोळ्यांदेखत कापसावर आले. ते तीन शब्द कोणते होते, याची हळहळ अजून जात नाही. कुणाच्या घरी असे कागद असतील तर त्यांनी आधी फक्त फोटो काढावेत, खिडकीशी, तिरप्या उजेडात. त्या उजेडात शाईवर बारीक चमचम दिसते. ती शाई टिपायला टाकलेली वाळू. सव्वाशे वर्षं ती तिथेच चिकटून आहे.

मोडी मी रविवारच्या ऑनलाइन वर्गात शिकले. बाराखडी महिन्याभरात आली, पत्र वाचता यायला वर्ष लागलं. मोडीत लिहिणारा आधी कागदभर रेघ ओढतो आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो. शब्द तोडत नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घ नाही. 'मिती' आणि 'मी ती' सारखंच दिसतं. एका पत्रात 'मी ती' वाचून मी चार दिवस 'ती' कोण ते शोधत होते. ती तारीख होती.

तारखा लावणं हे दुसरं काम. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन येतो (पौषाच्या मध्यापासून फाल्गुनाअखेरपर्यंतच्या तिथीला एकोणऐंशी). पण कित्येक पत्रांवर शक नाहीच, नुसतं संवत्सराचं नाव. एका कार्डावर 'पार्थिव' होतं. संवत्सरं साठ वर्षांनी फिरून येतात, म्हणजे १८२५, १८८५ किंवा १९४५. कार्डावर राणी व्हिक्टोरियाचं चित्र आणि पाव आण्याची किंमत. अशी पोस्टकार्डं आपल्याकडे १८७९ साली आली. म्हणजे १८८५च.

पत्रं बहुतेक वाईहून खापरपणजीच्या थोरल्या भावाने बडोद्याला पाठवलेली. खापरपणजोबा संस्थानात कारकून होते. सयाजीराव १८७५ साली दत्तक येऊन गादीवर बसले, त्यानंतरच्या वर्षांत देशावरून आलेल्या कितीतरी दक्षिणी कुटुंबांतलं हे एक. सुरुवातीची पत्रं 'राजश्रिया विराजित राजमान्य राजश्री' अशी खापरपणजोबांना. आणि सगळ्यात शेवटी, जागा उरली तर समासात आडवी, एक ओळ: 'चि. सौ. वज्रचूडेमंडित ताईस आशीर्वाद.' बस्स. अशी एकोणीस पत्रं. तिचं नावसुद्धा नाही.

मायना मी वाचतच नसे. सगळीकडे तेच, म्हणून सरळ मजकुरावर उडी मारायची. आमच्या शिकवणाऱ्या बाईंनी एकदा टोकलं, "मायना सोडू नकोस, माणूस तिथेच असतो." घरी येऊन मी सगळे मायने एका वहीत ओळीने उतरवले. शके १८११च्या आश्विनापर्यंत 'सौ. वज्रचूडेमंडित'. मग सात महिने एकही पत्र नाही. शके १८१२च्या वैशाखात, पहिल्यांदाच थेट तिला: 'चिरंजीव गंगाभागीरथी ताई यांस आशीर्वाद'.

गंगाभागीरथी म्हणजे विधवा. वंशावळीवरून हिशेब केला, तिचं वय चोवीसच्या आसपास. खापरपणजोबा गेल्याचं पत्र रुमालात नाही आणि असायचंही नाही. मृत्यूचं पत्र वर 'श्री' न घालता लिहायचं आणि वाचून लगेच फाडायचं, ही आपली रीत. त्या सात महिन्यांत तिच्यावर काय काय गुदरलं, केसांचं काय झालं, याबद्दल कुठे अवाक्षर नाही. मी ती वही मिटली आणि त्या रात्री पुढे काही वाचलं नाही.

पण पुढची पंचेचाळीस पत्रं तिच्या नावाने आहेत. मला याचंच फार वाटतं. नवरा असेतो ती समासात होती, तो गेल्यावर पत्राच्या मध्यात आली. भाऊ तिला पैशांचं विचारतो, मुलाच्या मुंजीचं विचारतो, मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं की नाही ते विचारतो. तिची उत्तरं वाईला गेली. मी वाईला जाऊन आले, घाटाजवळचं ते घर आता नाही. म्हणून तिचे प्रश्न मी भावाच्या उत्तरांतून उलटे काढले. तो लिहितो की गहाण टाकलेल्या पाटल्या सोडवायची घाई नको, म्हणजे तिने सोडवू का असं विचारलं होतं. तो मुंबईत गाडी कशी बदलायची ते तपशीलवार लिहितो, म्हणजे ती एकटी मुलाला घेऊन माहेरी निघाली होती.

शके १८१६च्या एका पत्रात भावाने लिहिलंय की ताईचं दस्तुरखुद्द पत्र पावलं, वाचून फार समाधान झालं. दस्तुरखुद्द! म्हणजे तोवर दुसऱ्याकडून लिहवून घेत होती, आणि आता स्वतः. बडोद्यात सक्तीचं शिक्षण सगळ्या संस्थानात १९०६ साली आलं. ही त्याच्या बारा वर्षं आधी, पदरात मूल असताना, लिहायला शिकली.

शके १८२१च्या पत्राच्या पाठीवर मला काहीतरी वेगळं दिसलं. ते छप्पनियाचं साल, १८९९, गुजरातेतला तो भीषण दुष्काळ. पाठीवर मोडी नव्हती. मोठी मोठी बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षरं, डोक्यावरची रेघ वरखाली गेलेली. घरखर्चाचा हिशेब.

मी तो कागद आत्यापुढे धरला. तिने चष्मा लावला, बोट ठेवलं आणि मला न विचारता वाचायला लागली. बाजरी, तूरडाळ, गोडेतेल, जळण. एकेक ओळ, थांबत थांबत. शेवटच्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

"कार्डे चार," आत्या म्हणाली, "आणा एक."