दहा अंकी संख्येचे अवयव हाताने पाडताना

३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या. प्रत्येकीतून १ वजा करा, वर्ग करा, १ मिळवा, की पुढची तयार. ही माळ अशीच मूळ संख्यांची चालणार, असं सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ फर्माला वाटलं होतं. पण पुढचा मणी, ४,२९,४९,६७,२९७ म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १, मूळ नाही हे गणितज्ञ ऑयलरने १७३२ मध्ये दाखवलं. मला एवढंच ठाऊक होतं. अवयव मुद्दाम कुठे पाहिले नाहीत. वही घेऊन स्वतःच पाडायला बसले.

वर्गमूळ ६५,५३६ च्या किंचित पुढे. तिथवर मूळ संख्या ६,५४२! दोन संध्याकाळी ३, ७, ११, १३ असे भाग देत बसले आणि हात टेकले.

मग विचार केला. एखाद्या मूळ संख्येने भाग जात असेल, तर २ च्या ३२ व्या घाताची बाकी त्या संख्येपेक्षा १ ने कमी येणार आणि ६४ व्या घाताला, त्याआधी कधीच नाही, बाकी १ येणार. फर्माच्याच छोट्या सिद्धांतानुसार त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर जो घात येईल, त्यालाही २ ची बाकी १ च येते; आणि बाकी १ फक्त ६४ च्या पटीतल्या घातांनाच येणार, म्हणून त्या वजाबाकीला ६४ ने भाग जायलाच हवा. मला हा टप्पा सगळ्यात सुंदर वाटतो: हजारो उमेदवार एका ओळीत बाद. उरले १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१, ७६९...

लांबलचक भागाकारही नको. ६५,५३६ म्हणजे २ चा १६ वा घात; त्याची बाकी काढायची, तिचा वर्ग करून पुन्हा बाकी, की ३२ व्या घाताची बाकी मिळते. १९३ ला १०८ आली, २५७ ला १, ४४९ ला ३२४, ५७७ ला २८७, ६४१ ला ४१६. पुढे ७६९, ११५३, १२१७, १४०९, १६०१, २११३. एकही लागू पडेना.

शेवटी मागे जाऊन प्रत्येक गुणाकाराचा नवाचा ताळा घेतला, म्हणजे अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करून पडताळलं. ६४१ गुणिले १०२ समोर मी ६५,२८२ लिहिलं होतं. ६४१ चे २, १०२ चे ३, गुणून ६. उत्तराचे मात्र ५. खरं उत्तर ६५,३८२. म्हणजे बाकी २५४ नव्हे, १५४. तिचा वर्ग २३,७१६, त्यातून ६४१ ची ३६ पट, २३,०७६ गेले. उरले ६४०. भाजकापेक्षा बरोब्बर एक कमी! मी ती वजाबाकी तीनदा केली.

भागाकार आला ६७,००,४१७. तो मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ २,५८८ च्या पुढे, आणि त्याचेही अवयव त्याच ६४ च्या साच्यातले असणार. २११३ नंतरची त्या साच्यातली मूळ संख्या थेट २६८९. म्हणजे वाया गेलेत असं वाटलेले ते सगळे भागाकारच इथे कामी आले. तपासायचं राहिलं होतं ते फक्त पुन्हा एकदा ६४१. भाग दिला. बाकी ४४.