फाइल म्हणजे पोर्टफोलिओ नाही

रविवार, रात्रीचे साडेअकरा

पाठ दुखतेय पण झोप येत नाहीये. आज दिवसभर शेजारच्या काकूंच्या मुलीचा पोर्टफोलिओ, म्हणजे परदेशात शिकायला अर्ज करताना दाखवायचा स्वतःच्या निवडक कामाचा संग्रह, करत बसलो होतो आम्ही दोघी.

सकाळी ती आली ती हातात जाडजूड प्लास्टिकची फाइल घेऊन. मी म्हटलं वा, एवढं काम! उघडली तर सगळी सर्टिफिकेट्स. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांची, गणपती मंडळाची रांगोळी स्पर्धा, सगळं लॅमिनेट केलेलं. इंटरमिजिएटचं ए ग्रेडचं सगळ्यात वर, का तर "ताई, त्याचे दहावीला ७ मार्क मिळाले होते ना." हसले मी, पण हिचं तरी काय चुकलं, माझं स्वतःचं सर्टिफिकेट आईने अजून ट्रंकेत ठेवलंय आणि ती स्थिरचित्रं कधीच रद्दीत गेली.

मग काम कुठाय? तर टेक्स्टाइलच्या शेवटच्या वर्षातले तिचे चांगले नमुने कॉलेजने प्रदर्शनासाठी ठेवून घेतले आणि पावसाळ्यात त्या खोलीत पाणी शिरलं. उरले व्हॉट्सॲपवर पाठवून पाठवून धूसर झालेले फोटो. शेवटी एका मैत्रिणीच्या गूगल ड्राइव्हवर ओरिजिनल सापडले तेव्हा दोघी अक्षरशः ओरडलो.

घरी उरलेले सात-आठ नमुने गच्चीवर नेले. दुपारच्या उन्हात विणकामाचा पोत दिसतच नाही, सगळं सपाट, म्हणून साडेचार-पाचची तिरपी उन्हं येईपर्यंत थांबलो आणि मग घाईघाईत पांढऱ्या चादरीवर एकेक मांडून फोटो काढले, शेजारी पट्टी ठेवून, म्हणजे साइज कळतो. दोन फोटोंत माझा अंगठा आलाय.

खरा घोळ झाला तो स्टेटमेंटमध्ये, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल आणि कामाबद्दल लिहायचं असतं त्यात. मी मोठ्या हौसेने लिहून दिलं, "सोलापूरच्या समृद्ध वस्त्रपरंपरेचा वारसा" वगैरे. तिने वाचलं आणि हळूच म्हणाली, ताई, हे मी बोलतेय असं वाटत नाही. राग आला मला, खोटं कशाला सांगू. पण मग चहा पिताना ती सांगायला लागली की बाबा चादरीच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करायचे, चादरीतला एक आडवा धागा म्हणजे भोकं पाडलेलं एक कार्ड, आणि चुकलेली कार्डं ते घरी आणायचे, ती भावंडांबरोबर त्याची रेल्वेची तिकिटं करून खेळायची. म्हटलं थांब, हे लिही, असंच लिही. माझं सगळं उडवलं.

इनलॅक्स या परदेशी शिक्षणाच्या स्कॉलरशिपला आधी परदेशातल्या ॲडमिशनची ऑफर हातात लागते, त्यामुळे युनिव्हर्सिटीचे अर्ज आधी. संध्याकाळी तिचे बाबा आले होते, त्यांना मी टाटांच्या जे. एन. टाटा एंडोमेंटबद्दल सांगत होते, १८९२ पासून चालू आहे, नाव स्कॉलरशिपचं पण ते कर्जाऊ असतं. काका सगळं शांतपणे ऐकून एवढंच म्हणाले, "म्हणजे फेडायचंय."

पीडीएफ ३८ एमबीची झालीय. वेबसाइट १० च्या वर घेत नाही.

आत्ता तिचा मेसेज आला. बाबांनी जेवण झाल्यावर माळ्यावर चढून जुन्या कार्डांचा गठ्ठा काढलाय, दोरीने बांधलेला. फोटो पाठवलाय, ट्यूबलाइटखाली काढलेला, हललेला, काही म्हणजे काही दिसत नाहीये. उद्या साडेचारला परत गच्ची.