काठी घ्यायची की नको: सावंतवाडी ते ओल्ड गोवा चालत

आमच्याकडे सावंतवाडीत नोव्हेंबर संपत आला की कोणीतरी विचारतंच, यंदा चालत कोण कोण जातंय. वारीच म्हणा की, फक्त आमची वाट दक्षिणेला, ओल्ड गोव्याला, सोळाव्या शतकातल्या मिशनरी संताच्या, आमच्या ‘सायबा’च्या, सेंट फ्रान्सिस झेवियरच्या पायाशी. ३ डिसेंबरला फेस्त, म्हणजे त्याचा सण, त्याच्या आधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. फेस्ताच्या दिवशी मुंगीला शिरायला जागा नसते म्हणून आमचा ग्रुप नोव्हेनातच जातो, बुधवारी पहाटे निघायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी टेकायचं, अंतर ७० किलोमीटरच्या आसपास.

आई कित्येक वर्षं जायची. आता गुडघे गेले, तर म्हणाली यंदा तू जा. मी कधी मार्केटला पण चालत न जाणारी बाई, पण आईसमोर बोलणार कोण! वर तिनेच माझी बॅग भरली. चिवडा, बिस्किटं, दोन बाम, छत्री, टॉवेल, उकडलेली अंडी, शेजारपाजारच्या नऊ जणांच्या मेणबत्त्यांचे पैसे वेगवेगळ्या पुड्यांत नावं घालून, आणि तिच्या स्वतःच्या गुडघ्यासाठी तिथे मेणाचा पाय विकत घेऊन वाहायचा हा निरोप. बॅग उचलली आणि वाटलं हिच्यात आईच बसलीय की काय.

आम्ही चौदा जण. मागून टेम्पो वगैरे काही नाही, मोठ्या ग्रुपना असतो. निघताना आमच्यातल्या सगळ्यात वडील अंकलच्या हातात काठी बघून एक मावशी म्हणाली, अहो येशूने शिष्यांना पाठवताना काठीसुद्धा घेऊ नका असं सांगितलंय, बायबलात लूकच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात. अंकल म्हणाले, मार्क वाच, सहावा अध्याय, तिथे काठी चालते, भाकरी नको, झोळी नको, पैसे नको, पण काठी घ्या आणि वहाणा घाला. मावशी म्हणाली मग मत्तयचं काय, तिथे वहाणा पण नकोत! ती स्वतः अनवाणी होती, नवस होता तिचा. झालं, इन्सुली घाट लागेपर्यंत हाच वाद. मला खरं तर गंमत वाटत होती, चाळीस वर्षं चर्चमधल्या मिस्सेत हे वाचन ऐकतेय पण दोन शुभवर्तमानांत काठीवरून असा फरक आहे हे कधी कानातच शिरलं नव्हतं, चालायची वेळ आली तेव्हा काठी म्हणजे काय ते कळलं. मात्र झोळी नको यावर तिघांचंही एकमत आहे हे कोणीतरी काढलं आणि सगळे माझ्या बॅगेकडे बघून हसले.

घाटात अंधारात तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालू होता. समोरून ट्रकची लाईट डोळ्यांत, "नमान मोरिये" अर्ध्यावर, बाजूला व्हा बाजूला व्हा, मग परत तिथूनच पुढे. भक्तिभावाने म्हटलं असं मी म्हणणार नाही. डोक्यात होतं की गॅसचा नंबर लावला का आणि टेरेसचा नळ बंद केला का. पण तोंड चालू होतं आणि पाय चालू होते, आई म्हणते तेवढं पुरे, मन मागाहून येतं धावत. माझं बांद्यापर्यंत तरी आलं नव्हतं.

पत्रादेवीला गोव्याची हद्द. तिथे १९५५ सालच्या १५ ऑगस्टच्या सत्याग्रहात पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी गेलेल्यांचं स्मारक आहे, आमचा ग्रुप दरवर्षी तिथे दोन मिनिटं थांबतो. आमच्यातला कॉलेजचा पोरगा मला हळूच म्हणाला, आंटी, ज्या सायबाकडे चाललोय त्यानेच १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितलं होतं ना. मागितलं होतं, धर्मावरून लोकांना शिक्षा करणारं ते न्यायालय. ते सुरू झालं १५६० ला, तो गेल्यावर, पण मागितलं त्यानेच. मी काय सांगणार त्याला, म्हटलं हो, खरं आहे. बराच वेळ आम्ही दोघं गप्प चाललो. घरी आल्यावर आईला विचारलं तर ती म्हणाली, शिष्य असून पेत्राने कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारलं, तरी त्याच्या नावाने इगर्जी (चर्च) आहेतच ना. हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, पण माझ्याकडे दुसरं नाही.

पहिली रात्र एका कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, व्हरांड्यात. दोन्ही टाचांना फोड, खांदे तर विचारूच नका.

आता गुरुवारचं सांगते, कारण हे सगळं त्याच्यासाठीच लिहायला घेतलंय. पेडण्याच्या पुढे धारगळच्या बाजूला रस्त्यालगत एक घर, दारात तुळस, बाई रांगोळी घालत होती. आम्हाला लंगडताना बघून तिने हाक मारली, या बसा. मार्गशीर्षातला गुरुवार, आत महालक्ष्मीचा घट मांडलेला, तिचा स्वतःचा उपास. आणि ही बाई चौदा माणसांना जेवायला बसा म्हणतेय! मी सवयीने म्हटलं, नको नको, आमच्याकडे आहे सगळं. होतंच, बॅगेत आई होती. तर ती म्हणाली, जेवल्याबगर वचूं नाकात, जेवल्याशिवाय जाऊ नका. आणि अंकल माझ्या कानाशी, लूक, दहावा अध्याय, पुढ्यात वाढतील ते खा. त्यांना बहुतेक भूक लागली होती.

बसलो. उकड्या तांदळाची पेज, अळसांद्यांचं तोणाक, सोलकडी. मला घास गिळायला जड गेला ते चवीमुळे नाही हो, चव तर अजून तोंडावर आहे. आमच्या चर्चमधून गरीब घरांना महिन्याचं धान्य देतात, त्या पिशव्या मी भरते, मी वाटते, नाव लिहून घेते, सही घेते. घेणारी बाई माझ्याकडे बघत का नाही, नजर खाली का ठेवते, हे मला कधी समजलं नव्हतं, उलट कधीकधी रागच यायचा, एक थँक्यू म्हणायला काय जातं. आता परक्या घरात पाय पसरून, फोड उघडे टाकून, उपाशी बाईच्या हातचं खाताना माझीच नजर ताटातून वर येईना. काही घेऊ नका म्हणजे साधं राहा असं आम्हाला प्रवचनात सांगतात. मला तर वाटतं येशू शिष्यांना मुद्दाम रिकामं पाठवत होता, म्हणजे मग दार ठोठवावंच लागतं.

निघताना चिवडा आणि बिस्किटं तिच्या पोरांना दिली, बॅग निम्मी झाली. तिने पदराच्या गाठीतून दहाची नोट काढली, सायबाला माझ्या नावाची एक मेणबत्ती लाव म्हणाली. आणि म्हापशाला मिलाग्रीसकडे पण जाऊन या, ती लईराईची बहीण. मिलाग्रीस म्हणजे म्हापशाच्या चर्चमधली मदर मेरी आणि लईराई म्हणजे शिरगावची देवी, त्या बहिणी असं इथे मानतात. तिकडे हिंदू तेल घेऊन येतात हे माहीत होतं, पण ती इतक्या सहज म्हणाली, जशी नणंदेकडे जाऊन या.

म्हापसा, पर्वरी, मांडवीचा पूल, फार काही लिहिण्यासारखं नाही, नुसतं ट्रॅफिक. पणजीहून रायबंदरचा जुना पोर्तुगीज बांध मात्र संपता संपत नाही, एका बाजूला मांडवी, ऊन डोक्यावर, कोणी बोलत नव्हतं. काठी तेव्हा मावशीच्या हातात होती. मी बघितलं, अंकलनी पण बघितलं, कोणी एक शब्द काढला नाही.

बॉम जेझूची बॅसिलिका १६०५ सालची, लाल चिऱ्याची. चांदीची पेटी इतकी उंचावर ठेवलीय की मान मोडते, दिसत काही नाही, अवशेष खाली आणतात ते साधारण दहा वर्षांनी, मागचे २०२४ ला. झेवियर पॅरिसला शिकवत असताना त्याचा सोबती इग्नेशियस, पुढे जेझुइट संघ काढणारा, ह्याला बायबलातली एकच ओळ सारखी ऐकवायचा म्हणतात, माणसाने सगळं जग मिळवलं आणि जीव गमावला तर काय लाभ. मग हा निघाला तो १५४२ ला गोव्यात आणि पुढे जपानपर्यंत, आणि १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावर तापाने गेला. चीन समोर, आणि पोचला नाही. खूप मागायचं ठरवून आले होते, उभी राहिले तेव्हा एवढंच आठवत होतं.

नऊ मेणबत्त्या लावल्या, पुड्या बघून बघून. मेणाचा पाय घेतला, फोन करून आईला विचारलं उजवा की डावा, म्हणाली उजवा जास्त दुखतो. धारगळच्या बाईच्या मेणबत्तीला वीस रुपये पडले आणि तेव्हा लक्षात आलं की तिचं नाव विचारलंच नाही. चौदा जणांत एकानेही नाही. मग नाव न घेताच लावली.

परत येताना बस. तीन दिवसांची वाट, दोन तासांत खलास. धारगळ आलं तेव्हा मी खिडकीला नाक लावून बसले होते, तुळस शोधत, पण हायवे आता एवढा रुंद झालाय आणि ड्रायव्हर असा सुसाट, की कुठलं घर ते कळलंच नाही.